मतपत्रिका बदलली तर दोन पक्षांची पकड सैल होते का?

कोथरूडचा पदवीधर

नमस्कार. डिसेंबर २०२० मध्ये पुणे पदवीधर मतदारसंघासाठी मतदान करताना नेहमीचे यंत्र समोर नव्हते. हातात जांभळे स्केचपेन देण्यात आले आणि उमेदवारांच्या नावांपुढे १, २, ३ असे पसंतीक्रम लिहायला सांगण्यात आले. माझी भाची अमेरिकेत मेन राज्यात राहते. तिच्याकडेही अमेरिकी काँग्रेसच्या (संसदेच्या) निवडणुकीत २०१८ पासून अशीच क्रम लावण्याची पद्धत आहे, असे तिच्याशी बोलताना कळले आणि तेव्हापासून एक प्रश्न मनात घोळतो आहे.

सर्वाधिक मते मिळवणारा एकच उमेदवार विजयी होत असेल, तर मतदार आपले मत वाया जाऊ नये म्हणून दोन मोठ्या पक्षांकडे ढकलले जातात, हे फ्रेंच अभ्यासक मोरिस द्युव्हर्जे यांचे प्रतिपादन आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. अमेरिकेत त्याचे दाखले ठळक आहेत. १९९२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत अपक्ष रॉस पेरो यांना जवळजवळ १९ टक्के मते मिळाली, परंतु अध्यक्षाची प्रत्यक्ष निवड करणाऱ्या निर्वाचक मंडळात त्यांच्या वाट्याला एकही मत आले नाही. २००० च्या अध्यक्षीय निवडणुकीत फ्लोरिडात रिपब्लिकन बुश डेमोक्रॅट गोर यांच्या ५३७ मतांनी पुढे राहिले आणि ग्रीन पक्षाचे राल्फ नेडर यांना तेथे ९७ हजारांवर मते पडली होती, त्यामुळे त्यांनी गोर यांची मते खाल्ली, हा आरोप त्यांना पुढे कायमचा चिकटला.

माझा प्रश्न नेमका असा आहे: मतदारसंघ, जागांची संख्या, राज्यघटना यांपैकी कशालाही हात न लावता केवळ मत नोंदवण्याची रीत बदलली, तर दोन पक्षांचे वर्चस्व खरोखर कमी होते का? आणि बदलायचीच असेल, तर क्रम लावण्याची पद्धत बरी, की पसंत असलेल्या सगळ्यांपुढे खूण करण्याची?

निवृत्त मतदान अधिकारी

पदवीधर मतदारसंघात एकच जागा असते, त्यामुळे वैध मतांच्या निम्म्याहून अधिक मते हा विजयाचा कोटा असतो. तो कोणालाच गाठता आला नाही, तर तळाचा उमेदवार बाद करून त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीप्रमाणे वाटल्या जातात. पद्धत न्याय्य आहे, परंतु सुशिक्षित मतदारही त्यात चुकतात, हे मी अनुभवावरून सांगतो. कोणी आकड्याऐवजी अक्षरात ‘एक’ लिहितो, कोणी दोघांपुढे १ लिहितो, तर कोणी खिशातले स्वतःचे पेन काढतो. ही सगळी मते बाद होतात.

मूळ मुद्द्याकडे येतो. ‘मत वाया जाईल’ ही भीती क्रम लावल्याने पुष्कळ कमी होते, यात मला शंका नाही. मात्र भीती गेली म्हणजे तिसरा पक्ष निवडून आला, असे होत नाही. आपल्या भाचीच्याच राज्यात २०१८ मध्ये दुसऱ्या काँग्रेस मतदारसंघात पहिल्या फेरीत रिपब्लिकन ब्रूस पॉलिक्विन पुढे होते, दोन अपक्षांची मते वाटल्यावर डेमोक्रॅट जॅरेड गोल्डन विजयी झाले. अपक्षांच्या मतदारांचा आवाज निकालात उमटला, हे खरेच, परंतु जागा अखेर दोन मोठ्या पक्षांपैकीच एकाकडे गेली.

गणिताचा शिक्षक, पर्वती

मी खूण करण्याच्या पद्धतीच्या बाजूचा आहे. क्रम लावण्याच्या पद्धतीत एक दोष असा की जो उमेदवार अनेकांचा दुसऱ्या पसंतीचा असतो, तो पहिल्या पसंतीची मते कमी पडल्यामुळे लवकर बाद होतो. ऑगस्ट २०२२ मध्ये अलास्कातील पोटनिवडणुकीत तसेच झाले. निक बेगिच, सारा पेलिन आणि मेरी पेल्टोला यांच्यापैकी बेगिच आधी बाद झाले आणि पेल्टोला विजयी झाल्या. नंतर मतपत्रिकांच्या नोंदी तपासल्यावर दिसले की बेगिच यांची दोघींशी स्वतंत्रपणे सरळ लढत झाली असती, तर ते दोन्ही वेळा जिंकले असते. व्हरमाँट राज्यातील बर्लिंग्टन शहरात २००९ च्या महापौर निवडणुकीत असाच प्रकार घडला आणि पुढच्याच वर्षी नागरिकांनी ती पद्धत रद्द केली.

सेंट लुईस शहराच्या महापौरपदासाठी २०२१ मध्ये झालेल्या प्राथमिक फेरीत मतदार हव्या तितक्या नावांपुढे खूण करू शकत होते. टिशॉरा जोन्स यांना सुमारे ५७, कारा स्पेन्सर यांना ४६ आणि लुईस रीड यांना ३९ टक्के मतदारांची संमती मिळाली. बेरीज शंभराच्या वर जाते म्हणून दचकू नये, एकेका मतदाराने अनेकांना संमती दिल्याचा तो परिणाम आहे. आकडे लिहायचे नाहीत आणि फेऱ्याही मोजायच्या नाहीत. हिचाही दोष मान्य करतो: चुरस वाढली की कार्यकर्ते ‘फक्त आपल्याच माणसापुढे खूण करा’ असा प्रचार करतात, आणि मग आपण जुन्याच पद्धतीवर येऊन पोहोचतो. शिवाय ही पद्धत राजकीयदृष्ट्या दुबळी आहे. नॉर्थ डकोटातील फार्गो शहराने ती स्वीकारली होती, २०२५ मध्ये राज्याच्या कायद्याने तिच्यावर बंदी आली.

राज्यशास्त्राची विद्यार्थिनी, डेक्कन

क्रम की खूण, या वादात प्रश्नाचा पूर्वार्ध बाजूला पडतो आहे असे मला वाटते. त्याचे उत्तर ऑस्ट्रेलियात मिळते. तेथे कनिष्ठ सभागृहासाठी १९१८ पासून पसंतीक्रमाने मतदान होते, तरीही दुसऱ्या महायुद्धानंतरचे प्रत्येक सरकार एक तर लेबर पक्षाचे, नाही तर लिबरल आणि त्याच्या मित्रपक्षांचे आहे. त्याच देशात, त्याच मतदारांनी, आकडे लिहिण्याच्या त्याच सवयीने निवडलेल्या सिनेटमध्ये मात्र लहान पक्षांना सातत्याने जागा मिळतात, कारण १९४९ पासून तेथे एका राज्यातून एकाच वेळी अनेक जागा एकल संक्रमणीय मताने, म्हणजे पसंतीक्रम लावून आणि कोट्याहून अधिकची मते पुढच्या पसंतीकडे वळवून, भरल्या जातात. दोन पक्षांची पकड प्रामुख्याने मतदारसंघात एकच जागा असण्यामुळे टिकते, असा निष्कर्ष मी यातून काढते.

अनेक जागा असल्या की झाले, असेही नाही. पुणे महापालिकेच्या २०१७ च्या निवडणुकीत चार सदस्यांचे प्रभाग होते, परंतु अ, ब, क, ड या जागांची लढत वेगवेगळी होती, म्हणून थोड्याशा आघाडीवर एकच पक्ष चारही जागा नेऊ शकत होता. त्याच चार जागा एकत्रितपणे पसंतीक्रमाने भरल्या, तर एक पंचमांशापेक्षा थोडी अधिक मते मिळवणाऱ्याला एक जागा निश्चित मिळेल. (आरक्षित जागांचा मेळ कसा घालायचा, हा अवघड प्रश्न आहे, तो येथे सोडते.)

हे गणित महाराष्ट्राला नवे नाही. जून २०२२ च्या राज्यसभा निवडणुकीत शिवसेनेचे संजय पवार यांना पहिल्या पसंतीची ३३ आणि भाजपचे धनंजय महाडिक यांना २७ मते होती, तरी भाजपच्या दोन विजयी उमेदवारांची अतिरिक्त मते दुसऱ्या पसंतीने महाडिक यांच्याकडे वळली आणि सहावी जागा त्यांना मिळाली. त्या रात्री कोटा आणि मतमूल्य हे शब्द घराघरांत पोहोचले होते.

अमेरिकेतही केंब्रिज शहराची नगर परिषद १९४१ पासून असेच निवडून येते. न्यूयॉर्कने ही पद्धत १९३६ मध्ये स्वीकारली आणि १९४७ मध्ये सोडली. तिच्यामुळे कम्युनिस्टही निवडून येऊ लागले, हे सोडण्यामागचे एक मोठे कारण होते. म्हणजे पद्धत अपयशी ठरली म्हणून नव्हे, तर ती काम करू लागली म्हणून गेली!

कोथरूडचा पदवीधर

सर्वांचे आभार. म्हणजे ‘जागांच्या संख्येला हात न लावता’ ही मी घातलेली अटच मुख्य अडचण ठरते. मग प्रतिनिधिगृहासाठी बहुसदस्यीय मतदारसंघ करायला अमेरिकेत घटनादुरुस्ती लागेल का?

राज्यशास्त्राची विद्यार्थिनी, डेक्कन

नाही. एकसदस्यीय मतदारसंघाची सक्ती घटनेत नसून १९६७ च्या साध्या कायद्यात आहे, त्यामुळे काँग्रेसने ठरवले तर ती साध्या कायद्यानेच उठू शकते. ठरवणारे सदस्य त्याच मतदारसंघांतून निवडून आलेले आहेत, हे मात्र विसरता येत नाही. अध्यक्षपद आणि गव्हर्नरपदे एकेकच असल्यामुळे तेथे हा उपाय लागू पडत नाही, आणि एका राज्याच्या दोन सिनेटरांच्या निवडणुका सहसा वेगवेगळ्या वर्षी होतात. अशा पदांसाठी क्रम की खूण, हा वर चाललेला वादच उरतो, आणि त्यात मी, अलास्काचा दाखला मान्य करूनही, निवृत्त अधिकाऱ्यांच्या, म्हणजे क्रम लावण्याच्या बाजूची आहे.