'घोडा' शब्दाचे अर्थ

प्रश्न (कोल्हापूर): आठवीच्या वर्गाला 'घोडा' शिकवायचाय. जनावर सोडून कोणते अर्थ घ्यावेत?

उत्तर १: बंदुकीचा घोडा, बुद्धिबळातला अडीच घरं चालणारा घोडा. 'घोडी'ही घ्या. जवळच मिरजेत तंतुवाद्यं बनतात. सतार-तंबोऱ्याच्या तारा भोपळ्याकडच्या बाजूला जिच्यावर टेकतात, ती घोडी. ती नीट घासलेली नसेल तर जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद, बिघडते. मुलांना प्रत्यक्ष दाखवाच!

उत्तर २: वाक्प्रचारांत गल्लत होते ती इथं. 'घोडं पेंड खातं' म्हणजे नेमकी अडचण येते. 'गंगेत घोडं न्हालं' म्हणजे रखडलेलं काम एकदाचं पार पडलं. 'घोडामैदान जवळच आहे' हे अंतराबद्दल नाही, लवकरच परीक्षा होईल असा अर्थ.

उत्तर १: ताई, 'घोडचूक' राहिलं. तिथं 'घोड' म्हणजे मोठी.