बजेटच्या दिवशी भाजीवाल्या मावशींना ‘कसं वाटलं बजेट?’ का विचारतात?

चौकस_नगरकर
दर १ फेब्रुवारीला तेच. अर्थमंत्र्यांचं भाषण संपून तास होत नाही, तोवर दादर स्टेशनबाहेर माईक हजर. भाजीवाल्या मावशी, कॉलेजची पोरं, एखादे पेन्शनर काका. चार वाक्यं की पुढची बातमी. अर्थतज्ज्ञ स्टुडिओत बसलेले असताना रस्त्यावर जायचंच कशाला? आणि ही माणसं निवडतात कशी?

डेस्कवरून
कारणं दोन. सांगण्यासारखं हे, की तज्ज्ञ तुटीची टक्केवारी सांगतो, पण घरात नेमकी कशाला कात्री लागली ते घर चालवणाराच सांगू शकतो. न सांगण्यासारखं म्हणजे, स्वस्त पडतं. वार्ताहर, कॅमेरामन, तासाभराचं काम, आणि दुपारच्या बुलेटिनची सोय झाली.

तीस-चाळीस सेकंदांच्या तुकड्यात चार-पाच बाईट (लोकांच्या बोलण्याचे तुकडे) बसतात, एकेक सहा ते आठ सेकंदांचा. त्यासाठी दहा-बारा जणांशी बोलावं लागतं. वार्ताहराचा प्रश्न एडिटला कापला जातो, त्यामुळे नुसतं ‘हो’ किंवा ‘चांगलंय’ कामाचं नाही. म्हणून ‘महागाई वाढली का?’ असं विचारू नये. ‘या महिन्यात किराण्यातून काय कमी केलंत?’ असं विचारावं. प्रश्न सगळ्यांना एकच, शब्दही तेच. नाहीतर बाईट जोडल्यावर एक काशीला, एक रामेश्वराला.

बूमवाली
शूटिंगपुरतं सांगते. माईक आपल्याच हातात ठेवायचा, समोरच्याच्या हातात गेला की भाषण सुरू. हनुवटीखाली, तोंडापासून वीतभर. एक जण कॅमेऱ्याच्या डावीकडे बघणारा घेतला तर पुढचा उजवीकडे. सगळे एकाच बाजूला बघत असले तर कटवर एकाच्या चेहऱ्यातून दुसरा उगवल्यासारखा दिसतो. बाजाराचा नुसता आवाज अर्धा मिनिट वेगळा घ्यायचा, जोड झाकायला. नाव, गाव, काम कॅमेऱ्यावरच बोलून घेतलं की पडद्यावरच्या नावाच्या पट्टीवर चुकत नाही. लहान मूल असेल तर आधी आईवडिलांना विचारायचं.

स्टेशनबाहेर का, तर प्लॅटफॉर्मवर शूटिंगला रेल्वेची परवानगी लागते.

घोळका जमला की जागा सोडायची. पहिला जे बोलला तेच पुढचे पाच बोलतात, आणि त्यात उपरणं खिशात घातलेला एखादा कार्यकर्ता असतोच!

आकडेमोड
मावशींचं काही चुकत नाही, प्रश्न चुकतो. ‘काय स्वस्त, काय महाग’ हा प्रश्न १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यापासून बराचसा शिळा झालाय. बहुतेक वस्तूंवरचा कर आता जीएसटी परिषद ठरवते. बजेटमध्ये करांपैकी मुख्यतः आयकर, सीमाशुल्क आणि थोडं उत्पादनशुल्क उरलं. ताज्या भाजीवर तर जीएसटीच नाही. शिवाय भाषण सकाळी अकराला सुरू होतं, ऐन धंद्याच्या वेळी. ते त्यांनी ऐकणार कधी? मालाची गाडी, गाळ्याचं भाडं, उधारी यांबद्दल विचारलं तर दोन वाक्यांत बातमी मिळेल.

आणि यातून ‘किती लोकांना’ हे कधीच कळत नाही. १९३६ साली अमेरिकेत अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी नमुना मतपत्रिका पाठवल्या, वीस लाखांहून जास्त परत आल्या, आणि भाकीत केलं, उमेदवार लँडन जिंकणार. प्रतिस्पर्धी रूझवेल्टनी ४८ पैकी ४६ राज्यं घेतली. पत्ते मुख्यतः फोन आणि मोटारी असलेल्यांचे होते. तिथे दादरच्या पाच जणांचं काय घेऊन बसलात?

चौकस_नगरकर
मग दोन खूश, दोन नाराज असं नेहमी बरोब्बर कसं जमतं?

डेस्कवरून
जमत नाही, जमवतात. बारांपैकी दहा नाराज असताना दोन-दोन दाखवणं ही समतोलाच्या नावाखाली थापच. बाईट त्याच प्रमाणात घ्यावेत आणि व्हॉइसओव्हरमध्ये ‘आम्ही ज्यांच्याशी बोललो त्यांपैकी बहुतेक’ म्हणावं. ‘जनतेत नाराजी’ हे वाक्य डेस्कने तिथल्या तिथे कापावं.

निवडणुकीत आणखी सांभाळावं लागतं. मतदान संपण्याआधीचे ४८ तास निकालावर परिणाम करू शकेल असा मजकूर त्या मतदारसंघात टीव्हीवर दाखवायला लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६ ने बंदी आहे. ‘कोण येणार?’वाले बाईट त्याआधीच लावून मोकळं व्हायचं.