दोन बोटांनी हलणारं खुराडं म्हणे

बांधावरचा:
परवा इथे हलकाफुलका यांनी ठणकावून लिहिलं की फिरतं खुराडं, म्हणजे कोंबड्यांसकट रोज पुढच्या गवतावर सरकवायचं बिनतळाचं खुराडं, २० किलोच्या वर गेलं तर बांधणारा सुतार आहे, शेतकरी नाही. पीव्हीसीचे पाईप, षटकोनी जाळी, वरून ताडपत्री, एका दुपारीत तयार, आत दहा कोंबड्या आणि "दोन बोटांनी हलतं". त्यावर निम्म्या लोकांनी वा वा केलं म्हणून राहवलं नाही. लांबण लागणार आहे, आधीच सांगतो.

मी अगदी हेच केलेलं. ८ बाय ४ फूट, पाईपची चौकट, तीच जाळी, तीच ताडपत्री. आणि खरंच दोन बोटांनी हलायचं हो, येईल त्याला हलवून दाखवायचो मी. मग एका रात्री वारा सुटला. सकाळी गेलो तर जागेवर फक्त पाण्याचं भांडं, सरळ उभं, काठोकाठ भरलेलं, थेंब सांडला नव्हता. खुराडं विहिरीच्या पलीकडे उताणं, ताडपत्री कुंपणावर फडफडतेय आणि सात कोंबड्या वळचणीला अंग चोरून बसल्यात. तीन परत आल्याच नाहीत.

नंतर डोकं शांत झाल्यावर हिशोब केला. ताशी ६० किमीचा वारा एका चौरस मीटरवर साधारण १७ किलोचा जोर लावतो. ८ बाय ४ चं छप्पर म्हणजे जवळपास ३ चौरस मीटर. खालून हवा शिरून ताडपत्री शिडासारखी फुगली की पन्नासेक किलोची उचल, आणि खुराडं २० किलोचं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर जोर चौपट, ते वेगळंच. हलकं पाहिजे हे मान्य, पण हलकेपणालाही खालून मर्यादा असते हे कुणी बोलायलाच तयार नाही.

हलकाफुलका:
उडालं कारण तुम्ही बांधलं नव्हतं. चार खुंट्या तिरप्या ठोकायच्या, दोरी आवळायची, विषय संपला. तंबूवाले काय पाया खणतात का? तीन कोंबड्या गेल्या त्याचं वाईट वाटलं, पण स्वतःचा आळस पाईपच्या नावावर खपवू नका.

आणि फिरतं खुराडं कशासाठी करतो आपण? रोज नवीन गवत मिळावं म्हणून. एक कोंबडी दिवसाला शंभरेक ग्रॅम शिटते, दहा कोंबड्या म्हणजे रोज किलोभर, ते सगळं ३२ चौरस फुटात. तीन दिवस तिथंच ठेवा, चौथ्या दिवशी उचलून बघा, पिवळा चौकोन दिसेल. जड असलं की माणूस म्हणतो आज राहू दे, उद्या बघू, मग उद्याचा परवा होतो. जड खुराडं फिरतं नसतंच मुळी, चाकं लावलेलं घर असतं ते.

वेल्डिंगवाला:
पीव्हीसीचं नाव निघालं म्हणून लिहितो. लोकांना हा पाईप म्हणजे काय वाटतो कळत नाही, पडवी पाईपची, मांडव पाईपचा, आता खुराडं पण पाईपचं. तो पाईप पाणी वाहून न्यायला केलाय राव, तोही जमिनीखालून. उन्हात राहिला की ठिसूळ होतो. आमच्याकडे दोन उन्हाळे काढले, तिसऱ्या वर्षी कोपऱ्याचा एल्बो हातात आला तुकडा होऊन, आणि तोही हलवताना, म्हणजे आतल्या कोंबड्यांसकट.

पाऊण इंची चौकोनी लोखंडी पाईप घ्या, पातळ भिंतीचा. सगळी चौकट ३० मीटरमध्ये बसते, वीसेक किलो. छपराला १२ मिमीचा प्लाय टाकाल तर तोच एकटा वीस किलो. अर्ध्या मिमीचा जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पत्रा बारा किलो, तेवढाच ॲल्युमिनियमचा चार किलो. वजन कुठे वाचवायचं ते कळलं पाहिजे. छपरात वाचवा, चौकटीत नको.

मुंगूसग्रस्त:
तुम्ही किलो मोजत बसा, तिकडे मुंगूस बसलाय मोजत की आत किती आहेत. षटकोनी जाळी कोंबडीला आत ठेवते, बाकी कुणाला बाहेर ठेवत नाही. कुत्रं दातानं फाडतं. अर्ध्या इंचाची वेल्ड मेश, म्हणजे तारा वेल्डिंगनं जोडलेली चौकोनी जाळी लावा नाहीतर कोंबड्या पाळू नका. माझ्या एका रात्रीत चार गेल्या, जाळीला टेकून झोपलेल्या, बाहेरूनच ओढल्या.

मोकळाचारा:
मुळात कोंबडीला ३२ चौरस फुटात कोंडायचं आणि वर त्याला निसर्ग म्हणायचं. सोडा की मोकळ्या.

मुंगूसग्रस्त:
सोडा. मुंगूस तुम्हाला दुवा देईल.

शेणामातीत:
मी एक विचारू का? दोन बोटांनी हलतं, दोन बोटांनी हलतं चाललंय कधीपासून, ही बोटं कुणाची?

आमच्याकडे नवऱ्यानं आणि दिरानं मिळून बांधलं. लोखंडी, चांगलं ७० किलोचं. दोघांनी दोन बाजूंनी उचललं, अंगणभर फिरवलं, हसले, फोटो काढला, "हलकंय गं" म्हणाले. त्या दिवसानंतर ते खुराडं रोज कुणी हलवलं? मी. एकटीनं, पहाटेच्या ओल्या गवतात, चप्पल घसरतेय, एका हातात खाद्याचा डबा. दहाव्या दिवशी कंबर धरली. आणि खरं दुखणं ते नव्हतं. मागचं काही दिसत नाही म्हणून मी एका दमात ओढायची, एकदा मागच्या पट्टीखाली एका तलंगीचा, म्हणजे कोवळ्या कोंबडीचा पाय आला. मोडला. ती वाचली, पण लंगडीच राहिली, आणि मी खुराड्याला हात लावला की अजून कोपऱ्यात जाऊन उभी राहते. तर किलोवरून भांडण्याआधी रोज हलवणाऱ्या माणसाला एकदा विचारा.

हलकाफुलका:
ताई, हेच तर म्हणतोय मी! म्हणूनच हलकं पाहिजे.

शेणामातीत:
दादा, तुमचं तुम्ही रोज हलवता?

हलकाफुलका:
हो.

शेणामातीत:
रोज? का सुट्टीच्या दिवशी?

हलकाफुलका:
सकाळी मला लवकर निघावं लागतं. बाकीचे दिवस बायको हलवते. त्यात काय एवढं, हलकंच तर आहे.

शेणामातीत:
मग त्या दोन बोटांना नेलपॉलिश आहे म्हणा की.

बांधावरचा:
😂😂

हलकाफुलका:
हसा. विषय खुराड्याचा होता, तो माझ्या घरात कसा घुसला? माझ्या बायकोची काही तक्रार नाही. आणि बांधावरचे, तुमच्याकडे रात्री खुंट्या कोण ठोकतं हो? नुसते आकडे फेकायला काय जातंय.

बांधावरचा:
आवाज चढवू नका. खुंट्यांचं तुम्हीच काढलंत म्हणून सांगतो. चार खुंट्या, खुराडं रोज हलणार, म्हणजे रोज सकाळी चार उपटायच्या आणि पुढे सहा फुटांवर चार ठोकायच्या. पावसात चिखलात धरत नाहीत, उन्हाळ्यात जमिनीत शिरत नाहीत. माझ्याकडे हे मी अकरा दिवस केलं, बाराव्या दिवशी म्हटलं आज वारा नाही. तुम्ही आळस म्हणालात ना, हो, आळसच. पण ज्याला रोज आळस येणार ते काम गृहीत धरून वस्तू बांधायची नसते.

शेणामातीत:
तक्रार नाही म्हणजे विचारलंय की आपलं गृहीत? मी पण दीड वर्ष तक्रार केली नव्हती.

कागदीशेतकरी:
एवढा बाऊ कशाला. अमेरिकेत व्हर्जिनियातला शेतकरी जोएल सॅलाटिन १० बाय १२ फुटी, २ फूट उंच पिंजरे रोज हलवतो, एकेकात ७०-७५ पक्षी. पिंजऱ्याला चाकंसुद्धा नाहीत, छोटी चाकाची गाडी मागच्या कडेखाली सरकवायची आणि पुढून तारेच्या हँडलनं ओढायचं. जगात चाललंय, तुम्हालाच जमत नाही.

वेल्डिंगवाला:
ते मांसाचे पक्षी आहेत. काही आठवडे राहतात आणि जातात, त्यांना बसायला दांडी लागत नाही, अंड्याची पेटी लागत नाही, दीड-दोन चौरस फुटात एक बसतो. अंड्याची कोंबडी वर्षानुवर्षं राहणार, तिला आत तीन-चार चौरस फूट, दांडीवर आठ-दहा इंच, चार-पाच जणींत एक पेटी १२ बाय १२ इंचाची. म्हणजे उंची आली, वजन आलं, वारा आला. दोन फुटी पिंजऱ्यावरून वारा जातो, साडेतीन फुटीला धडकतो. व्हिडिओ बघून मापं घेऊ नका.

कागदीशेतकरी:
बरं. अंड्याच्या कोंबडीला लागू नाही, मान्य. तरी बाऊ आहेच.

मुंगूसग्रस्त:
दोन फुटी पिंजऱ्यात मुंगूस खालून उकरून जातो हे कुणी सांगितलं का?

मोकळाचारा:
मुंगूसग्रस्त, बरेच दिवस सांगायचं होतं. मुंगूस दिवसा फिरतो, रात्री बिळात झोपतो. तुमच्या चार कोंबड्या रात्री गेल्या ना? मग ते रानमांजर असेल नाहीतर कुत्रं. त्या बिचाऱ्यावर उगाच बालंट.

मुंगूसग्रस्त:
मग काय नाव बदलू का आता? कुणी का नेईना, जाळी तीच लागते. आणि उकरणारा भिंतीला चिकटूनच उकरतो, म्हणून जाळीची फूटभर, जमलं तर दीड फूट पट्टी चारही बाजूंनी बाहेर जमिनीवर सपाट पाडायची. तो पट्टीवर उभा राहूनच खाली उकरायला बघतो, मागे सरकायचं त्याला सुचत नाही. बिजागरीवर लावा म्हणजे हलवताना वर दुमडता येते. हे कुणाचंही नाव न घेता सांगितलं, खूश?

शेणामातीत:
ती पट्टी आमच्याकडे आहे. दुमडायची कुणी ते विचारू नका.

बरं, नुसती भांडत नाही, आमचं नंतर काय केलं ते सांगते. खुराडं ८ फूट लांब, चाकं अगदी मागच्या टोकाला होती आणि हँडल पुढे फूटभर बाहेर. हँडलला लटकवायचा काटा लावून उचललं तर ३१ किलो. भाच्याला दाखवलं, तो म्हणाला चाकं दोन फूट आत घे. घेतली. २० वर आलं. खुराडं तेच, वजन तेच ७०. मग अंड्याच्या पेट्या पुढे होत्या त्या मागे चाकांच्या वर आणल्या, पाण्याचा २० लिटरचा कॅनही पुढे टांगलेला होता तो मागे नेला. वजन मोजलं तेव्हा कॅन रिकामा होता, भरलेला असला की माझ्या हातावर जवळजवळ सगळाच यायचा. आता काटा १५-१६ दाखवतो. मागच्या पट्टीला जुन्या टायरच्या ट्यूबची झालर लावली, ती आधी कोंबडीला हात लावते मग लोखंड येतं. आणि सकाळी खाद्य घालायच्या आधी हलवायचं, खाद्याचा डबा पुढे वाजवायचा, सगळ्या पुढे पळतात, मागे कुणी राहत नाही. फूटभर ओढायचं, थांबायचं. लंगडी सगळ्यात शेवटी येते, तिच्यासाठी थांबावं लागतं.

वेल्डिंगवाला:
भाच्याला माझ्याकडे पाठवा, कामाला ठेवतो.

बांधावरचा:
ताई, हे सोन्यासारखं आहे. म्हणजे वजन चाकांवर ठेवलं तर वाऱ्यालाही उपयोगी आणि हाताला ओझं नाही. माझं डोकं नुसतं किलोत अडकलं होतं.

हलकाफुलका:
एवढे हुरळून जाऊ नका. सगळं वजन मागे नेलं तर पुढची बाजू हलकी झाली, वारा पुढून आला की घोड्यासारखं दोन पायांवर उभं राहील. तुमच्याच हिशोबाने.

बांधावरचा:
...बरोबर आहे. म्हणायला जड जातंय पण बरोबर आहे.

वेल्डिंगवाला:
पुढे मधोमध एकच स्क्रूसारखी खुंटी, फिरवून जमिनीत घालायची, साखळी आणि कडी. चार नकोत. आणि छपराखाली वरच्या बाजूला फटी ठेवा, जाळी लावून. उन्हाळ्यात कोंबडीला घाम नसतो, धापा टाकते, तुमच्या त्या ताडपत्रीच्या तंबूत उकडून मरेल. वाऱ्यालाही बाहेर पडायला वाट मिळते, नुसतं फुगत नाही.

हलकाफुलका:
ताडपत्री मी दोन्ही बाजूंनी गुंडाळून वर बांधतो दुपारी. म्हणजे, बांधली जाते.

शेणामातीत:
बांधली जाते 🙏

हलकाफुलका:
बरं ऐका. काल संध्याकाळी काटा लावला. माझं पाईपचं, कोंबड्यांसकट, हँडलवर ११ किलो भरलं. ओझं तर तुमच्यापेक्षा कमीच आहे, हे लिहून ठेवा. पण बायकोला विचारलं, कारण इथे उत्तर द्यायचं होतं म्हणून. ती म्हणाली वजनाचं काही नाही, हँडल गुडघ्याच्या खाली आहे, रोज वाकून चालावं लागतं, सहा महिने सांगतेय. मला सांगितल्याचं आठवत नाही. दोरी बांधून कमरेइतकी उंच केली आज.

शेणामातीत:
बांधलीत की बांधली गेली?

हलकाफुलका:
मी बांधली. फोटो टाकू का?

मुंगूसग्रस्त:
फोटोत जाळी पण येऊ द्या. षटकोनीच आहे ना अजून?