एलेन टेरीच्या चित्रातला मुकुट नाटकात कुठे आहे?

वेषभूषावाली:
बावीस वर्षं नाटकांची वेषभूषा करतेय. लंडनला टेट ब्रिटन कलादालनात जॉन सिंगर सार्जंटचं १८८९चं चित्र पाहिलं, लेडी मॅकबेथच्या भूमिकेतली अभिनेत्री एलेन टेरी. कॅनव्हास २२१ सेंटिमीटर उंच. हिरवा-निळा झळाळता झगा, गुडघ्यांपर्यंत आलेल्या तांबड्या वेण्या, दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून धरलेला मुकुट. माझा पाय तिथून निघेना. परतल्यावर शेक्सपिअरचं 'मॅकबेथ' पुन्हा वाचलं. राणी स्वतःच्या हातांनी मुकुट चढवते असा प्रवेश मला सापडला नाही. माझ्या नजरेतून सुटला का?

तिसरी_घंटा:
नाही ताई, सुटला नाही. नाटकात तो नाहीच. नट-व्यवस्थापक हेन्री आयर्विंगच्या लायसियम नाट्यगृहातल्या ज्या प्रयोगावरून चित्र काढलं, त्यातही नव्हता. पवित्रा सार्जंटनं रचलेला आहे.

दुसऱ्या अंकाच्या शेवटी मॅकडफच्या तोंडून कळतं की मॅकबेथ राज्याभिषेकासाठी स्कोनला गेलाय. सोहळा पडद्याआडच उरकतो. तिसऱ्या अंकात लेडी मॅकबेथ येते ती राणी होऊनच, आणि एकटी सापडताच म्हणते की सगळं खर्ची पडलं, पदरात काही नाही. हवं ते मिळाल्याचा एक क्षणसुद्धा शेक्सपिअरनं तिला आपल्यासमोर जगू दिलेला नाही. सार्जंटनं नेमका तोच रंगवला. आता तिचे डोळे पुन्हा बघा. त्यात आनंद आहे का? मला तरी दिसत नाही.

सुईदोरा:
झग्याबद्दल थोडं. आराखडा अ‍ॅलिस कॉमिन्स कारचा, शिवला अ‍ॅडा नेटलशिपनं. क्रोशानं विणलेला आहे, हिरव्या धाग्यात निळी जर, आणि वर भुंग्यांच्या पंखांची सुमारे हजार हिरवी कवचं टाकलेली. चिलखतासारखा दिसावा आणि सापाच्या खवल्यांसारखाही, अशी कल्पना होती. आयर्विंग गॅसचे दिवे वापरायचा. त्या हलत्या उजेडात ती कवचं कशी लकाकत असतील! चित्राच्या बैठकीसाठी एलेन टेरी याच वेषात घोडागाडीतून टाइट स्ट्रीटवरच्या स्टुडिओत यायची, आणि त्याच रस्त्यावर राहणाऱ्या ऑस्कर वाइल्डला ते दृश्य फार भावलं होतं. झगा आजही केंटमध्ये, तिच्या स्मॉलहाइथच्या घरी आहे. २०११मध्ये दुरुस्ती पुरी झाली, तिला १३००हून जास्त तास लागले.

वेषभूषावाली:
दोघांचेही मनापासून आभार. क्रोशाचं काम वजनानं खाली ओढलं जातं, म्हणून तर तो अंगावरून तसा ओघळतो! आणि हात वर गेल्यामुळेच बाह्यांचा सगळा घेर उलगडलाय. सध्या मी याच भूमिकेचा झगा बेततेय. मापं घेताना बाईंचे हात खालीच होते. उद्या त्यांना हात डोक्यावर न्यायला सांगते आणि बाह्या पुन्हा बेतते.