मदत हवी आहे: पुठ्ठ्याच्या खोक्यांची दोन कोटेशनं आलीत, कोणतं घेऊ?

रानजाई
उद्या सकाळी ऑर्डर द्यायची आहे, म्हणून घाईत लिहितेय. पहिलं कोटेशन: 5 प्लाय (पाच थरी), कागद 150/120/120/120/150, सगळे 18 बीएफ, बीसी फ्लूट, आरएससी (नेहमीचं वरखाली फ्लॅपवालं खोकं), आयडी. दुसरं: 5 प्लाय, बीसी फ्लूट, ईसीटी 7, आरएससी, ओडी. माप दोघांचंही 450×300×300 मिमी. यातलं मजबूत कोणतं, एवढंच सांगा. सध्याची खोकी चेपतायत.

जुना_पॅकर
माल किती किलोचा? एकावर एक किती लावता? सध्याचं खोकं किती प्लायचं? यातलं काहीच लिहिलं नाहीत.

क्राफ्टवाला
सरळ 7 प्लाय घ्या. मी यंत्रांचे जड भाग त्यातच पाठवतो, आजवर एक तक्रार नाही.

रानजाई
7 प्लायचं विचारलंच नाहीये. भरलेलं खोकं 12 किलो, एकावर एक सहा. आत्ताचं 3 प्लाय आहे. बीएफ म्हणजे काय, ते तरी कुणी सांगेल का?

क्राफ्टवाला
बर्स्ट फॅक्टर. कागदाचा जीएसएम (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) गुणिले बीएफ, भागिले 1000, की बर्स्टिंग स्ट्रेंग्थ मिळते. तुमचा 150 चा कागद 2.7, 120 चा 2.16. तिन्ही लायनर, म्हणजे सपाट कागद, पूर्ण धरायचे, फ्लूटचे, म्हणजे मधले नालीदार, दोन्ही कागद निम्मे. बेरीज 9.72 किलो प्रति चौरस सेंटिमीटर. दणकट आहे, पहिलंच घ्या.

जुना_पॅकर
बर्स्टिंग म्हणजे पुठ्ठा फुटायला लागणारा दाब. ताईंची खोकी फुटत नाहीयेत, चेपतायत. तिथे ईसीटी बघायचा: पुठ्ठ्याचा तुकडा उभा धरून कडेवर दाबला तर किती भार सोसतो, ते. पहिल्या कोटेशनात तो आकडाच नाही.

क्राफ्टवाला
कागदात दम नसेल तर ईसीटी येणार कुठून? आम्ही सगळे बीएफ बघूनच माल घेतो.

जुना_पॅकर
घ्या ना, पण थप्पी किती उंच लावायची ते बीएफ सांगत नाही.

अभ्यासू
फ्लूटची अक्षरं उंचीच्या क्रमाने नाहीत, हे लक्षात असू द्या. ए सर्वांत उंच, मग सी, मग बी, मग ई. सी साधारण 4 मिमी, बी 3; बीसी म्हणजे दोन्हींचा एकेक थर. आणि नालीदार कागदाचं पहिलं पेटंट 1856 साली इंग्लंडमध्ये हीली आणि ॲलन यांनी घेतलं, तेही उंच टोप्यांच्या अस्तरासाठी!

सावली
खोक्यावर छपाई आहे का? फ्लेक्सोमध्ये (लवचीक ठशांच्या छपाईत) गडद रंगाचे मोठे पट्टे टाळा. छपाईच्या दाबाने नाल्या दबतात आणि ताकद जाते.

जुना_पॅकर
रानजाई, तळाच्या खोक्यावर पाच खोकी, म्हणजे 60 किलो. मॅकी यांचं सूत्र असं: 5.87 गुणिले ईसीटी गुणिले (परिमिती × जाडी) याचं वर्गमूळ. ईसीटी 7 किलोन्यूटन प्रति मीटर, परिमिती 1500 मिमी, जाडी 6.5 मिमी धरली तर 4000 न्यूटनच्या थोडं वर, म्हणजे 400 किलोहून जास्त. दमट हवा आणि बरेच दिवसांचा भार धरून 60 च्या पाचपट घेतलं तरी 300. पुरून उरतं. फक्त त्या 7 पुढचं एकक लिहून घ्या. गोदामात ओल आहे? खोकी पॅलेटच्या (खालच्या लाकडी चौकटीच्या) बाहेर येतात?

रानजाई
ओल नाही. कडेची खोकी दोनेक बोटं बाहेर येतात. दुसरं फायनल करते मग.

जुना_पॅकर
थांबा! खोक्याचा बहुतेक भार चार कोपऱ्यांवर असतो. कोपरा पॅलेटबाहेर लोंबला की ताकद बरीच घटते. चेपण्याचं अर्धं कारण तिथेच असेल. आणि आत काय ठेवता?

रानजाई
ट्रे. लांबी 445.

अभ्यासू
अहो, दुसऱ्याचं माप ओडी आहे, म्हणजे बाहेरचं! दोन्ही बाजूंची जाडी मिळून 13 मिमी गेली की आत 437 उरतात. ट्रे जाणारच नाही. उंचीत तर 26 च्या आसपास जातील, वरखाली फ्लॅप दुहेरी असतात ना.

जुना_पॅकर
बरोबर. दुसऱ्याकडून आयडीवर, म्हणजे आतल्या मापावर, नवं कोटेशन मागवा, पहिल्याकडून ईसीटी. आणि दोघांकडून अख्ख्या खोक्याचा बीसीटी, म्हणजे ते वरून किती भार सोसतं तो आकडा, लेखी घ्या.

क्राफ्टवाला
आयडी 450 म्हणजे बाहेरून 463. आधीच पॅलेटबाहेर येतायत, ती आणखी येतील. एका थरात एक ओळ कमी करा.

रानजाई
हे आधी कळायला हवं होतं. दोघांना आत्ताच मेल टाकते, ऑर्डर परवावर. पॅलेटची मांडणीही उद्या बघते.

सावली
छपाईचं सांगितलं नाहीत. नव्या कोटेशनात तेही घाला.