बँड मोजायचे तर मूळ टिफवरच
एकाच ब्लॉटच्या (प्रोटीन वेगळी करून पातळ पडद्यावर उतरवतात तो) बँडची, म्हणजे त्यावरच्या पट्ट्यांची, इंटेन्सिटी दर वेळी वेगळी येत असेल, तर आधी बघा फाइल जेपेग आहे का, कारण जेपेग जागा वाचवायला पिक्सेलचे आकडेच बदलतं आणि त्यात छटांच्या पायऱ्या फक्त 256, 16 बिट टिफमध्ये 65,536. दुसरं एक्स्पोजर, म्हणजे कॅमेरा किती वेळ प्रकाश गोळा करतो ते. बँड ठसठशीत दिसला की बरं वाटतं, पण तिथे कॅमेरा सॅच्युरेट झालेला, म्हणजे त्याच्या कमाल आकड्याला टेकलेला असू शकतो, मग दुप्पट प्रोटीन घातलं तरी आकडा तोच, माझे दोन आठवडे यातच गेलेत. इमेजजे या इमेज मोजायच्या सॉफ्टवेअरमध्ये हिस्टोग्राम (कोणत्या आकड्याचे किती पिक्सेल ते दाखवणारा आलेख) उघडा, उजव्या टोकाला उंच काडी दिसली तर एक्स्पोजर कमी करून इमेज परत घ्या, नंतर ब्राइटनेस उतरवून हरवलेली माहिती परत येत नाही हो.