डेक ठोकून बघितल्याशिवाय सौदा करू नका

पडून असलेली जुनी शिडाची होडी घेताना, बॉडी फायबरग्लासची आहे म्हणून कुजायची भीती नाही, असं म्हटलं जातं. ते अर्धंच खरं आहे. बऱ्याच होड्यांच्या डेकमध्ये, म्हणजे ज्यावरून चालतो त्या वरच्या भागात, फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये बाल्सा (एक हलकं लाकूड) किंवा प्लायवूड असतं. क्लीट (दोर बांधायची खुंटी), रेलिंग यांच्या बोल्टच्या भोकांतून पाणी झिरपतं आणि ते लाकूड आतल्या आत सडतं. वरचा रंग मात्र शाबूत दिसतो. स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने दर चार-पाच इंचांवर ठोकत जा. आवाज टणक आला तर ठीक, बसका आला की तिथे खडूने खूण करा. खुणा एक-दोन फिटिंगभोवतीच असतील तर तेवढा भाग कापून, नवं लाकूड इपॉक्सी गोंदाने बसवून भागतं. निम्मं डेक खडूने भरलं तर सरळ सोडून द्या.

मग चेनप्लेट, म्हणजे डोलकाठीच्या तारा ज्यांना अडकवतात त्या स्टेनलेस पट्ट्या. डेकमधून जाणारा त्यांचा भाग ओला राहतो, हवा मिळत नाही, तिथेच छुपा गंज चढतो. एक तरी पट्टी काढून दाखवायला सांगाच. तारांचं वय ठाऊक नसेल तर त्या बदलायच्या असंच धरा.

शिडं, तारा, इंजिन यांचे नवे भाव आधी काढा. बेरीज तशाच चालू होडीच्या किमतीपुढे गेली, तर ही फुकट मिळाली तरी घेऊ नये. आणि होडी उभी आहे त्या जागेच्या भाड्याची थकबाकी कोण भरणार, हे लेखी घ्या.